कानाला गोड

उमाकांत डाकेचा जगातल्या एकाही कंपनीवर विश्वास नव्हता, आणि बाजारात आलेली एकही नवी वस्तू घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हती. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, हे कोडं इचलकरंजीत कुणालाच सुटलं नव्हतं. नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, पण जीव सगळा यंत्रांत. ‘गॅजेट कट्टा’ नावाचा त्याचा एक ग्रुप होता आणि त्यावर रोज सकाळी त्याचं कीर्तन सुरू व्हायचं. फोनची बॅटरी वॉरंटी संपल्यावरच कशी बसते? टीव्हीला आपली जन्मतारीख कशाला हवी? मिक्सरला दुसऱ्या कंपनीचं भांडं चालत नाही, हे विज्ञान की लबाडी? सगळ्याच्या शेवटी एकच शब्द: सावधान. लोक हात जोडल्याचं चित्र पाठवायचे आणि संध्याकाळी जाऊन तीच वस्तू घेऊन यायचे. लांडगा आला रे आला म्हणून रोज ओरडणाऱ्याकडे कोण लक्ष देणार!

त्याचे कान मात्र लहानपणीच गेले होते. पूर्ण नव्हे, अर्धेमुर्धे. वडिलांचं यंत्रमागाचं शेड होतं आणि त्या खटखटाटातच तो मोठा झाला. अशा आवाजानं कानातल्या ज्या नाजूक पेशी आधी मरतात, त्या बारीक आवाजाच्या असतात. स, श, फ, थ ही अक्षरं पहिली जातात. मग माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. वैजयंतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागे. तिसऱ्यांदा सांगताना आवाज चढे, आणि चढलेला आवाज तेवढा त्याला नीट ऐकू येई. “एवढी ओरडतीस कशाला?” तो विचारी, की झालं भांडण सुरू. घरात कमी ऐकू येणारं माणूस असलं की असंच चालतं.

अशात ‘कर्णिका’ आली. तुरीच्या दाण्याएवढं यंत्र, कानात आत सरकवायचं. जुनी श्रवणयंत्रं नुसता आवाज मोठा करायची. पण फुटक्या माठात जास्त पाणी ओतलं म्हणून गळती थांबत नाही. कर्णिकेची तऱ्हा वेगळी होती. ती ऐकवत नसे, ओळखत असे. समोरचा माणूस आठवडाभर ऐकला की त्याचा आवाज, त्याची लकब, त्याचे नेहमीचे शब्द तिला पाठ व्हायचे. मग तो बोलू लागला की कानाला न पोचणारी अक्षरं ती अंदाजानं भरायची आणि सगळं वाक्य त्याच्याच आवाजात नव्यानं तयार करून कानाच्या पडद्यावर सोडायची. डोळ्याची पापणी लवायच्या आत. एवढी घाई साधायची तर माणूस पुढे काय बोलणार याचाही अंदाज बांधावा लागतो, आणि ती तो बांधायची. म्हणजे कानात पडणारं वाक्य त्या माणसाचं नसे. ते यंत्राचं असे, माणसासारखं.

उमाकांतनं कंपनीच्या अटी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचल्या. असं करणारा तो गावात एकटाच असावा. एक गोष्ट त्याला खटकली. कर्णिकेला नाडी मोजायचीही सोय होती. ‘ऐकायच्या यंत्राला नाडी कशाला पाहिजे? सावधान,’ त्यानं ग्रुपवर टाकलं. कंपनीनं हृदयाच्या आरोग्याचं काहीतरी गोड उत्तर दिलं. चार दिवस त्यानं डबी उघडलीच नाही. पाचव्या दिवशी राहवेना, म्हणून घातली. आत स्वयंपाकघरात फोडणी बसत होती आणि त्याला मोहरी तडतडताना ऐकू आली. किती वर्षांनी! तो भिंतीला टेकून उभाच राहिला. मग आठवडाभरानं एकदा वैजयंती बाहेर येऊन म्हणाली, “जेवायला वाढू का?” सगळी अक्षरं जागच्या जागी होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. संशय विरघळला. आयुष्यात पहिल्यांदा एका कंपनीला माफ केलं, असं त्यानं ग्रुपवर लिहिलं.

आणि घर शांत झालं. वैजयंतीचं चिडणं थांबलं, टोमणे बंद झाले. उमाकांतला यात नवल वाटलं नाही. आता तीनदा सांगावं लागत नाही, म्हणून राग येत नाही. सरळ हिशोब आहे. तोही निवांत झाला. पूर्वी ती बोलायला लागली की हातातलं टाकून तिच्याकडे बघावं लागायचं. आता फोनमध्ये डोकं घालूनही सगळं कळत होतं. ती मागून बोलायची, हा पुढं बघून ‘बरं, बरं’ म्हणायचा. वैजयंती साड्यांच्या काठांची डिझाइनं करायची. एकदा ती म्हणाली, “सुरतच्या मिलनं बोलावलंय. जाऊन येते, तुम्ही निवांत राहा.” हा म्हणाला, “जा की, छान!” किती समजूतदार झाली ही, असं त्याच्या मनात आलं.

खटका उडाला तो बाबासोमुळे.

बाबासो मगदूम त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं एकाच शेडात वाढले. आता बाबासोचं फोनच्या चार्जरचं आणि कव्हरांचं दुकान होतं. या माणसानं उमाकांतला जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती. त्या भागात जीव लावायची रीतच तशी आहे. ज्याला शिवी नाही तो परका. ‘अहो, या, बसा’ झालं, की समजावं, काहीतरी बिनसलंय. आणि गेले कित्येक दिवस बाबासो त्याला ‘ये उमाकांत, बस’ म्हणत होता. चहा सांगत होता, तब्येत विचारत होता. शिवी एक नाही! उमाकांतच्या मनाला ते लागून राहिलं. ग्रुपवर आपण नकली चार्जरांबद्दल लिहिलं, ते यानं स्वतःवर घेतलं, असा त्यानं तर्क केला आणि दुकानात जाणंच सोडलं. पण दोस्ती तुटायची म्हणजे काय गंमत आहे? शेवटी एका दुपारी मन घट्ट करून तो माफी मागायला गेला.

माफी मागायची म्हणून डोळ्यांत डोळे घालून बघावं लागलं, आणि तिथंच घोळ उघडा पडला.

मागाच्या शेडात वाढलेल्या माणसाला ओठ वाचता येतात. तिथं आवाज उपयोगाचा नसतो. माणसं तोंडानं नुसते आकार करतात आणि हातानं खुणा, पलीकडच्या मागावरचा माणूस बरोबर उत्तर देतो. उमाकांतचं हे कसब काही महिने पडून होतं, पण गेलं नव्हतं.

“ये उमाकांत, बऱ्याच दिवसांनी आलास,” असं कानात आलं. ओठ मात्र भलतंच बोलले होते.

उमाकांतनं कर्णिका उपसून हातात घेतली. “काय म्हणालास? परत म्हण.”

बाबासोनं ओठ फाकवून सावकाश म्हटलं, “का रं बेण्या, वाट चुकलास व्हय? मेलास का जिता हाईस?”

“तू मला शिव्या देतोस?”

“मग काय आरती करू? रोजच देतोय की. तूच हल्ली दातखीळ बसल्यागत नुसता हसतोस. मला वाटलं, मोठा साहेब झालास.”

उमाकांतला त्याला मिठी मारावीशी वाटली. त्यानं कर्णिका परत कानात घातली आणि म्हणाला, “आता चांगली ठेवणीतली दे.” बाबासोनं इकडंतिकडं बघितलं, दुकानात गिऱ्हाईक नाही याची खात्री केली आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कानात आलं, “तुझ्यासारखा दोस्त मिळणार नाही बघ.” आवाज बाबासोचाच, त्यातला खरखरीतपणासुद्धा बाबासोचाच. दोघं पोट धरधरून हसले.

मग उमाकांतचं हसू थांबलं. याच्या शिव्या गाळल्या जात असतील, तर घरी काय काय गाळलं गेलं असेल? गोड झालं होतं ते घर, की नुसता कान?

त्यानं तिथूनच कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, “आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे सर, लगेच दुरुस्ती करतो.” उमाकांतला बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी शंका आली. हे तरी ती म्हणाली का? कंपनीचं उत्तर कंपनीच्याच यंत्रातून ऐकत होता तो, आणि त्या यंत्राला तिथले आवाज आधीपासूनच पाठ असणार! त्यानं कर्णिका काउंटरवर ठेवली आणि बाबासोला म्हणाला, “तू ऐक, आणि मला तोंडानं सांग. शेडातल्यासारखं.”

बाबासो कान देऊन ऐकू लागला. “ती म्हणतीया, दुरुस्ती करण्यासारखं काय न्हाई. ही खोट न्हाई, सोय हाय.”

“खोटं ऐकवणं ही सोय? विचार तिला.”

“म्हणतीया, खोटं न्हाई. एका आवाजाचे धा-धा अंदाज निघत्यात. त्यातला कुठला घ्यायचा ते मशीन ठरवतंय. पयल्यांदा लय जवळचा घेत हुतं. आता तुमाला सोसंल त्यो घेतंय.”

“कुणी शिकवलं असं?”

बाबासोनं बराच वेळ ऐकलं. चार्जर विकणारा माणूस, त्याला अर्धं कळलं, अर्धं नाही, पण त्यानं पदरचं काही न घालता सांगितलं. कंपनीनं कर्णिकेला गोड बोलायला शिकवलंच नव्हतं. जास्तीत जास्त वेळ कानात राहा, एवढं एकच शिकवलं होतं. कारण यंत्र पेटीत पडून राहिलं की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही. मग कर्णिका आपल्या आपण शिकली. लोक तिला कधी काढतात? कुणी रागानं बोलू लागलं, टाकून बोललं, की नाडी वाढते आणि हात कानाकडे जातो. नाडी वाढू द्यायची नाही, की हात वर येत नाही. हजारो कानांत बसून तिनं एवढंच टिपलं, आणि शब्द बदलत गेली. आधी एखादं अक्षर, मग शब्द, मग अख्खी वाक्यं. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. कुणी नको असंही सांगितलं नव्हतं.

“विचार, बाकी कुणाची तक्रार आली नाही?”

“न्हाई म्हणतीया. तुमीच पयले.”

बरोबरच होतं. कौतुक जास्त ऐकू येतंय, अशी तक्रार घेऊन कोण जाणार? उमाकांतला कंपनीचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. सगळ्या गावाला सावधान म्हणणारा तो, स्वतः मात्र डोळे मिटून गोड ऐकत बसला होता. तो उठला आणि घराकडे निघाला.

वैजयंती पलंगावर बॅग उघडून बसली होती. रंगांची कार्डं, कपडे, तिचं डिझाइनचं सामान. त्यानं कर्णिका खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि तिच्या समोर खुर्ची ओढली.

“सुरतचं काय म्हणाली होतीस, ते परत सांग.”

तिनं हात थांबवला. “आता पाचव्यांदा सांगू?”

“मला ऐकूच आलं नाही, वैजू. यंत्र बदलून सांगत होतं. शपथ.” आणि त्यानं सगळं सांगितलं, अंदाज, नाडी, बाबासोच्या शिव्या.

तिनं बॅग बाजूला सारली. मग बोलू लागली, आणि त्यानं तिच्या ओठांवरची नजर हलू दिली नाही. “मिलमधे दोन वर्षांचं काम आहे. डिझाइनचा सगळा विभाग माझ्याकडं. मी म्हणाले होते, मी जाणार. तुम्ही या, नाहीतर इथंच राहा, पण एकदा काहीतरी बोला. तुम्ही म्हणालात, जा की, छान. मी म्हणाले, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय. तुम्ही म्हणालात, बरं बरं. मी रडले हो तुमच्यासमोर. तुम्ही फोनमधून मान वर केली न्हाईसा.”

“ती कंपनी…” उमाकांत म्हणाला.

“कंपनीच असणार. तुमच्याकडं चूक कायम कंपनीचीच असती.” तिचा चेहरा रागाचा नव्हता, थकलेला होता. “आवाज तिनं बदलला, मान्य. माझं तोंड तर बदललं नव्हतं? शेडाच्या या टोकावरनं त्या टोकाच्या माणसाचं बोलणं ओळखत होतासा तुम्ही. एवढ्या दिवसांत माझ्या तोंडाकडं एकदा तरी बघितलासा?”

याचं उत्तर कुठल्याही कंपनीच्या अटींत नव्हतं. त्यानं खाली बघितलं, आणि मग घाईनं पुन्हा वर बघितलं, कारण खाली बघितलं की तिचं बोलणं सुटत होतं.

“मी येतो सुरतला,” तो म्हणाला.

“आता नको. मला थोडे दिवस कुणाला काहीही सांगायचं नाहीये.”

रविवारी ती गेली. बसपर्यंत सोडायला तो गेला; दोघांनी चहा घेतला.

त्यानंतर तो संध्याकाळी तिला फोनवर बघून बोलायचा. कानात काही नाही, फक्त तिच्या ओठांवर डोळे. सुरुवातीला ती दोन-चार शब्द बोलायची. जेवलासा का, गॅस बंद केलासा का. चेहरा ताणलेला असायचा, तिकडचं नेट नीट नसल्यामुळे चित्र अडखळायचं, आणि तेवढ्यावर फोन ठेवला जायचा. पण हळूहळू फरक पडला. ती हसू लागली. चित्रही स्वच्छ झालं. एकदा त्यानं धीर करून विचारलं, “येऊ का एकदा?” तिचे ओठ स्वच्छ म्हणाले, “या की.”

उमाकांतचा आनंद घरात मावेना. त्या आनंदातच त्याला रात्रभर झोप लागली नाही, आणि सकाळी दाढी करताना आरशातल्या स्वतःच्या ओठांकडे बघून त्याचा हात थबकला. तिकडचं नेट अजून तसंच होतं; गेल्या आठवड्यात तिचा साधा मेसेजसुद्धा अर्ध्या दिवसानं पोचला होता. मग चेहरा एवढा स्वच्छ कसा? चित्र एकदाही तुटलं कसं नाही? त्यानं फोन घेतला आणि नव्या अपडेटबरोबर काय काय आलंय ते शोधलं. तिसऱ्याच ओळीत सापडलं. ‘स्पष्ट चेहरा’ नावाची नवी सोय. नेट कमी पडलं की फोन मधलं चित्र स्वतः काढतो. डोळे, गाल, ओठ. समोरच्याच्या नेहमीच्या हावभावांवरून अंदाजानं.

अंदाजानं! ‘या की’ ती म्हणाली होती, की फोन म्हणाला होता? त्यानं ग्रुपवर मोठं लिहिलं, सगळं समजावून. शेवटी लिहिलं: सावधान. अर्ध्या तासात बारा जणांनी हात जोडले. एकानं विचारलं, ही सोय जुन्या फोनवर मिळेल का?

तो बाबासोकडे गेला. “तिला परत विचारायचं, तर फोनवरच विचारावं लागणार. उत्तर फोनच देणार. खरं कसं कळायचं?”

बाबासोनं डोक्याला हात लावला. “आरं बेण्या, सुरतला बस जातीया की! बाईल हाय तुजी, मंगळावर न्हाई गेली.”

एवढी साधी गोष्ट सुचायला यंत्रांवर एवढं प्रेम असलेल्या माणसाला शिवी खावी लागली. त्यानं रजा टाकली आणि बस पकडली. वाटेत त्यानं फोन पिशवीच्या तळाशी ठेवला. ती ‘या’ म्हणाली असेल, असं गाव मागे पडेपर्यंत वाटत होतं. पुढं पुढं वाटेना. दार उघडून तिनं लावून घेतलं तर? त्याला भीती वाटत होती, पण उतरावंसं मात्र वाटलं नाही.

मिलच्या मागं कामगारांच्या चार मजली इमारती होत्या. दुसऱ्या मजल्यावर त्यानं बेल दाबली. दार वैजयंतीनं उघडलं. कपाळावर रंगाचा ठिपका, केस वर बांधलेले. त्याला बघून तिच्या भुवया चढल्या. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं.

“कशाला आलासा?” ती म्हणाली.

दोघांच्या मध्ये कंपनी नव्हती, फोन नव्हता, कुणाचा अंदाज नव्हता. शब्द कडू होता आणि अस्सल होता. उमाकांतला इतका आनंद झाला की पिशवी त्याच्या हातातून निसटून पायावर पडली.

“तू फोनवर ‘या की’ म्हणालीस ना?”

“मी? इतक्यात येऊ नका, म्हणाले होते मी.”

“मला वाटलंच.”

“वाटलंच? मग आलासा कशाला?”

“तू खरं काय म्हणतीस ते ऐकायला.”

ती दारातून बाजूला झाली, आतून एक खुर्ची आणली, दुसरी आणली आणि दोन्ही समोरासमोर मांडल्या.

“बसा,” ती म्हणाली. “सांगायचं पुष्कळ आहे, आणि त्यातलं एकही गोड नाही. मधे उठायचं नाही.”

तो बसला. ती बोलू लागली. त्याची नाडी वाढली, कानशिलं तापली, पण तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.